काटेकोर शेतीचं शिक्षण: पदवी कुठून घ्यावी आणि आधी काय शिकावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. बी.एस्सी. (कृषी)चं शेवटचं वर्ष सुरू आहे. वाशिम जिल्ह्यात घरची सहा एकर जमीन आहे, त्यात सोयाबीन, तूर आणि हरभरा होतो. काटेकोर शेतीत (प्रिसिजन फार्मिंगमध्ये) पुढे जायचं आहे आणि समोर तीन वाटा आहेत: महाराष्ट्रातच एम.एस्सी. किंवा एम.टेक., परदेशात मास्टर्स, नाहीतर ड्रोन पायलटचं प्रमाणपत्र घेऊन लगेच कामाला लागणं. यातली कोणती निवडावी, आणि तोपर्यंत काय शिकावं?

मी माती आणि पाणी व्यवस्थापनात काम करतो. या विषयात शिकून आलेल्या मुलामुलींबरोबर शेतावर हिंडण्यात माझा बराच काळ गेला आहे. म्हणून उत्तर आधीच सांगतो: विद्यापीठाचं नाव, प्रयोगशाळेतली यंत्रं आणि अभ्यासक्रमाचं शीर्षक या सगळ्याच्या आधी एक गोष्ट विचारा. तिथं तुम्हाला एका शेतात पेरणीपासून काढणीपर्यंत एक पूर्ण हंगाम स्वतःच्या हातानं मोजमापं घ्यायला मिळणार आहेत का? हो असेल तर साधं विद्यापीठही चालेल. नसेल तर मोठ्या नावाचा उपयोग नाही.

कारण या विषयाचा गाभा एका शेतातल्या फरकात आहे. एकाच गटात पीक एकीकडे कमरेइतकं आणि दुसरीकडे गुडघ्याइतकं का येतं, हा फरक किती मोठा आहे, दरवर्षी तिथंच पडतो की जागा बदलतो, आणि त्यावर वेगवेगळी मात्रा, वेगळं पाणी किंवा वेगळं वाण देणं परवडतं का, एवढेच प्रश्न आहेत. उपग्रह, सेन्सर आणि ड्रोन ही त्यांची उत्तरं शोधायची साधनं. बी.एस्सी.ला पाचव्या अधिष्ठाता समितीनं (देशभरच्या कृषी पदव्यांचा अभ्यासक्रम सुचवणारी समिती) ठरवलेल्या अभ्यासक्रमात हा विषय भू-माहितीशास्त्र आणि नॅनो तंत्रज्ञानाबरोबर एकाच पेपरात बसवला होता, तोही दोन श्रेयांकांचा, एक तासिकेचा आणि एक प्रात्यक्षिकाचा. एवढ्यात साधनांची नावं कळतात. फरक मोजायला शिकायला वेळ मिळत नाही.

आता तुमच्याच सहा एकरांवर बोलू. सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात. दोन उपग्रह मिळून दर पाच दिवसांनी एक चित्र येतं, आणि लाल व जवळच्या अवरक्त (डोळ्यांना न दिसणाऱ्या) प्रकाशाच्या पट्ट्यांत त्याचा एक पिक्सेल, म्हणजे चित्रातला सर्वांत छोटा चौकोन, १० बाय १० मीटरचा असतो. म्हणजे १०० चौरस मीटर. आपला गुंठा १०१ चौरस मीटरांचा, तेव्हा एक पिक्सेल म्हणजे जवळजवळ एक गुंठा आणि एकराचे चाळीस पिक्सेल. वाचायला छान वाटतं, पण वाटण्या होऊन पडलेल्या वीस मीटर रुंदीच्या पट्टीत आडवे फक्त दोन पिक्सेल बसतात, आणि त्या दोन्हींत बांधावरची बाभूळ, शेजाऱ्याची तूर किंवा पांदण मिसळलेली असते. अशा पट्टीचा एनडीव्हीआय (त्या दोन पट्ट्यांतल्या प्रकाशावरून काढलेला पिकाच्या हिरवेपणाचा निर्देशांक) काढून शेतकऱ्याला पिकाबद्दल सल्ला देणं चुकीचं आहे. महाराष्ट्रात २०१५-१६च्या कृषी गणनेनुसार सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर आहे, आणि तेही बहुतेकदा एका तुकड्यात नसतं. कडेचे पिक्सेल वगळून किती उरतात, हे आधी मोजायची सवय ज्या विभागात लावतात, तो विभाग चांगला समजा.

त्यात खरिपाचे ढग. जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे सोयाबीन फुलोऱ्यात असताना, आठवडेच्या आठवडे स्वच्छ चित्र मिळत नाही. तेव्हा ढगांतून आरपार पाहणाऱ्या सेंटिनेल-१च्या रडार चित्रांकडे वळावं लागतं, आणि ती वाचणं हे वेगळं शिक्षण आहे. रडारचा परतावा पिकावर, मातीच्या ओलाव्यावर आणि जमिनीच्या खडबडीतपणावर अवलंबून असतो. ही तिन्ही कारणं वेगळी काढता आली नाहीत तर पाऊस पडून गेल्यावरचं ओलं रान पीक वाढल्यासारखं दिसतं. पदव्युत्तर प्रवेश घेताना रडार सुदूर संवेदन (रिमोट सेन्सिंग) शिकवणारं तिथं कोणी आहे का, हे जरूर विचारा. खरीप पिकांवर काम करणाऱ्याला ते लागतंच.

परवडण्याचा हिशेब अभ्यासक्रमात सगळ्यात कमी शिकवला जातो आणि शेतकरी सगळ्यात आधी तोच विचारतो. परदेशी पुस्तकांत काटेकोर शेतीची सुरुवात नत्राची मात्रा जागेनुसार बदलण्यापासून होते. आपल्याकडे ४५ किलोची युरियाची गोणी अनुदानामुळे २६६ रुपये ५० पैशांना मिळते. एकरी अर्धी गोणी वाचवण्यासाठी सेन्सर, नकाशा आणि मात्रा बदलणारं यंत्र असा खर्च कुणीही करणार नाही, आणि करूही नये. माती आणि पाण्यासाठी नत्र कमी वापरणं चांगलंच. पण शेतकऱ्याला पैशांचा फायदा त्यातून दाखवता येत नाही. फायदा दिसतो तो पाण्यात, फवारणीत आणि मजुरीत. नाशिकच्या द्राक्षबागेत पानावरचा ओलावा आणि तापमान मोजून केवडा रोगाचा धोका ओळखला आणि एक अनावश्यक फवारणी टळली, तर औषध, डिझेल, मजुरी वाचते आणि निर्यातीच्या मालात औषधाच्या उर्वरित अंशाची भीतीही कमी होते. तिथं सेन्सरचा खर्च निघतो. कोणतं तंत्र कोणत्या पिकात पैसे परत देतं, हे पदवीच्या काळातच कागदावर मांडायला शिका.

तुमच्या कोरडवाहू सोयाबीनमध्ये मला सगळ्यात मोठा फरक जमिनीच्या खोलीत दिसेल असं वाटतं. विदर्भात एकाच शेतात वरच्या अंगाला मुरूम वर आलेला आणि खालच्या अंगाला खोल काळी माती, हे नेहमीचंच. चिकण काळ्या जमिनीत पिकाला घेता येईल असं पाणी दर सेंटिमीटर खोलीमागे साधारण दीड ते दोन मिलिमीटर असतं. म्हणजे ३० सेंटिमीटर खोलीत ४५ ते ६० मिलिमीटर. भरात आलेलं सोयाबीन दिवसाला पाच मिलिमीटरच्या आसपास पाणी घेतं, असं धरलं तर पावसाचा खंड दहा-बारा दिवसांचा झाला की वरचा तुकडा माना टाकणार. खाली ९० सेंटिमीटर खोलीत, मुळं तिथवर पोचली असतील तर, पीक तीन-चार आठवडे तग धरेल. आता एकच वाण, एकच अंतर आणि एकच खत दोन्हीकडे का द्यायचं? वर लवकर येणारं वाण, रुंद वरंबा सरी, शेततळ्यातलं एखादं संरक्षित पाणी. खाली तूर मिसळून. हे ठरवायला गिरमिट (माती खोलवरून काढायचं हातानं फिरवायचं अवजार) आणि मीटरपट्टी पुरते. तुमच्या वडिलांना हे पट्टे तोंडपाठ असणार. त्यांना शेतात घेऊन फिरा, ते म्हणतात तिथं गिरमिट घाला, मोबाइलवर जागा नोंदवा. मग तीन-चार वर्षांच्या सप्टेंबर-ऑक्टोबरमधल्या ढगविरहित उपग्रह चित्रांशी तुमचा नकाशा ताडून बघा. कोणत्याही प्रवेशाच्या मुलाखतीत हे काम तुमच्या बाजूनं बोलेल.

सेन्सरबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण प्रशिक्षणात इथंच सगळ्यात जास्त घाई होते. ओलावा मोजणारे बहुतेक स्वस्त सेन्सर मातीचे विद्युत गुणधर्म मोजतात आणि त्यावरून पाण्याचं प्रमाण काढतात. कारखान्यातून येताना ते हलक्या, वाळूमिश्रित मातीवर बेतलेले असतात. आपल्या काळ्या मातीत चिकणमातीचं प्रमाण जास्त, ती ओली झाली की फुगते आणि सुकली की भेगाळते. भेग सेन्सरच्या दांडीशेजारून गेली की तो हवा मोजू लागतो आणि आकडा एकदम कोसळतो. क्षार जास्त असतील तर आकडा उगाच वर जातो. म्हणून प्रत्येक शेतासाठी सेन्सरची जुळणी (कॅलिब्रेशन) करावी लागते. सेन्सरशेजारची माती काढायची, ओली असताना वजन करायचं, ओव्हनमध्ये १०५ अंश सेल्सिअसला २४ तास वाळवायची आणि पुन्हा वजन करायचं. मानू या की ओली माती १२६ ग्रॅम आणि वाळल्यावर १०० ग्रॅम भरली. वजनी ओलावा २६ टक्के झाला. मातीची घनता दर घन सेंटिमीटरला १.३ ग्रॅम असेल तर घनमानी, म्हणजे आकारमानाच्या हिशेबानं, ओलावा २६ गुणिले १.३, म्हणजे ३३.८ टक्के. त्या वेळी सेन्सर ४१ दाखवत असेल तर त्या आकड्यावर ठिबक सुरू-बंद करणं म्हणजे पिकाला तहानलेलं ठेवून पाणी पुरेसं आहे असं समजणं. शिवाय काळी माती फुगते तशी घनताही बदलते, त्यामुळे ही जुळणी ओल्या, मध्यम आणि कोरड्या अशा तिन्ही अवस्थांत करावी लागते. हे काम कंटाळवाणं आहे. पण ज्यानं ते केलेलं असतं तो पुढे कोणत्याही कंपनीचा सेन्सर हातात आला तरी फसत नाही.

संख्याशास्त्राला पर्याय नाही, हेही स्पष्टच सांगतो. मातीचे नमुने किती अंतरावर घ्यायचे हे सेमीव्हेरिओग्राम (अंतर वाढेल तसा दोन नमुन्यांतला फरक किती वाढतो याचा आलेख) पाहून कळतं. नमुन्यांच्या मधल्या जागेचा अंदाज क्रिगिंगनं बांधतात. दक्षिण आफ्रिकेतल्या खाणींसाठी डी. जी. क्रिग यांनी सुरू केलेली आणि फ्रान्सच्या जॉर्ज माथेरॉन यांनी गणितात बसवलेली ही पद्धत आज मातीच्या नकाशांचा आधार आहे. आपल्या मृद आरोग्य पत्रिकेत बागायती भागासाठी अडीच हेक्टरांच्या आणि कोरडवाहू भागासाठी १० हेक्टरांच्या चौकटीतून एक नमुना घ्यायचं ठरलं होतं. तुमची सहा एकर जमीन म्हणजे अडीच हेक्टरांपेक्षा थोडी कमी. कोरडवाहू चौकटीत तुमचं आणि शेजारच्या दोन-तीन शेतकऱ्यांचं रान मिळून एक नमुना. गावपातळीवर खतांचं नियोजन करायला हे चालतं, शेताच्या आतला फरक समजायला नाही. हा भेद ज्याला आकड्यांतून दाखवता येतो त्याला या क्षेत्रात काम मिळतं.

यंत्रशिक्षण, म्हणजे मशीन लर्निंग, शिकणारे बरेच जण एका ठिकाणी अडकतात. एका तालुक्यातले पिक्सेल घेतात, त्यातले सत्तर टक्के शिकवायला आणि तीस टक्के तपासायला असे सरमिसळ वाटतात, आणि अचूकता पंच्याण्णव टक्के आली म्हणतात. शेजारशेजारचे पिक्सेल एकमेकांसारखेच असतात, त्यामुळे ही परीक्षा उत्तरपत्रिका आधी दाखवून घेतल्यासारखी होते. पूर्ण गावं बाजूला ठेवून, शक्यतो वेगळ्या वर्षाच्या हंगामावर तपासणी करा. आकडा खाली येईल, पण तो विश्वासाचा असेल. पीक विमा योजनेत २०२३पासून भात आणि गव्हासाठी यस-टेक, म्हणजे उपग्रहासारख्या तंत्रज्ञानावर आधारलेल्या पद्धतीनं उत्पादनाचा अंदाज घ्यायला सुरुवात झाली आणि त्याला निदान ३० टक्के भार देण्यात आला. म्हणजे असा अंदाज चुकला तर एखाद्या महसूल मंडळातल्या शेतकऱ्यांची भरपाई बुडते. तिथं काम करणाऱ्याला पीक कापणी प्रयोग, म्हणजे ठरावीक मापाचा तुकडा कापून उत्पादन मोजायची पद्धत, माहीत हवा. कापणीचा १० बाय ५ मीटरचा भूखंड म्हणजे उपग्रहाचा अर्धाच पिक्सेल, आणि या विसंगतीवर काय करायचं हे त्याला सांगता आलं पाहिजे.

आता संस्थांकडे येतो. आपली चारही कृषी विद्यापीठं, राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली, हा विषय वेगवेगळ्या विभागांतून शिकवतात. त्यामुळे पदवीच्या नावात ‘काटेकोर’ हा शब्द शोधत बसू नका. मृदाशास्त्र, कृषिविद्या, कृषी हवामानशास्त्र, सिंचन व निचरा अभियांत्रिकी, यंत्रे व शक्ती, यांपैकी एक विषय पक्का करा आणि प्रबंध काटेकोर शेतीवर घ्या. राष्ट्रीय कृषी उच्च शिक्षण प्रकल्पातून राहुरीला हवामान अद्ययावत शेती व जल व्यवस्थापनाचं केंद्र आणि परभणीला यंत्रमानव, ड्रोन व स्वयंचलित वाहनांचं डिजिटल शेतीचं केंद्र उभं राहिलं. ठिबक आणि खतसिंचनात राहुरीचं काम जुनं आहे. असे प्रकल्प मुदतीचे असतात, म्हणून प्रत्यक्ष जाऊन बघा: ती यंत्रं आज कोण चालवतं, विद्यार्थ्याला हात लावू देतात का, शेवटच्या दोन-तीन तुकड्यांचे प्रबंध कशावर आहेत. ग्रंथालयात बसून ते प्रबंध चाळा. सगळ्यात खरी माहिती तिथं मिळते.

बी.एस्सी. (कृषी)वाल्यांना एम.टेक.चा दरवाजा सगळीकडे उघडा नसतो. अनेक ठिकाणी कृषी अभियांत्रिकीची बी.टेक. लागते. त्या-त्या वर्षीचं माहितीपत्रक पाहूनच ठरवा. आयआयटी मुंबईत सुदूर संवेदनाचं काम जुनं आहे आणि खरगपूरच्या आयआयटीत कृषी अभियांत्रिकीचा विभाग आहे. तिकडे जायचं तर गेट ही राष्ट्रीय प्रवेश परीक्षा लागेल. नागपूरचं राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरो तुमच्यापासून फार लांब नाही. मातीच्या नकाशांवर प्रबंध करायचा असेल तर तिथल्या शास्त्रज्ञांचं सहमार्गदर्शन मिळवायचा प्रयत्न करा, त्याचं मोल मोठं आहे. बारामतीजवळ माळेगावला राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे. पाण्याच्या ताणावर काम करायचं असेल तर तीही बघा. घरबसल्या सुरुवात करायची तर देहरादूनच्या भारतीय सुदूर संवेदन संस्थेचे ऑनलाइन अभ्यासक्रम मोफत असतात आणि चांगले असतात. क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर मोफत आहे. त्यापुढे आर किंवा पायथन या संगणकीय भाषा, दोन्हींपैकी एक.

परदेशाबद्दल. काटेकोर शेती अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेत १९९०च्या दशकात वाढली, तेव्हा कंबाइन हार्वेस्टरवर उत्पन्न मोजणारी यंत्रं बसली आणि चालता चालता शेताचा उत्पन्न-नकाशा तयार होऊ लागला. मिनेसोटा विद्यापीठाचे पिअर रॉबर्ट यांनी १९९२मध्ये या विषयावरची परिषद सुरू केली. नंतर मे २०००मध्ये अमेरिकेनं जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि अचूकता सगळ्यांच्या हाती आली. आपल्याकडे कापूस हातानं वेचला जातो, ऊस बराचसा कोयत्यानं तोडला जातो. उत्पन्न-नकाशा आपोआप मिळत नाही. त्यामुळे अमेरिकेतलं नेब्रास्का किंवा पर्ड्यू, ऑस्ट्रेलियातलं सिडनी, नेदरलँड्समधलं वाखेनिंगन किंवा इंग्लंडमधलं हार्पर अॅडम्स अशा विद्यापीठांत जाणार असाल तर तिथून पद्धती घेऊन या: भूसांख्यिकी (क्रिगिंगसारखं जागेनुसार बदलणाऱ्या आकड्यांचं संख्याशास्त्र), प्रत्यक्ष शेतातल्या चाचण्यांची मांडणी, सेन्सरचं विज्ञान. मोठ्या ट्रॅक्टरवरचं ऑटोस्टिअर (आपोआप वळवणारी यंत्रणा) शिकायला कर्ज काढू नका. मार्गदर्शकाला आधीच लिहा आणि प्रबंधासाठी भारतातली शेतं घेता येतील का ते विचारा. अनुसूचित जातीतल्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती आहे. अर्ज वेळेत केला पाहिजे.

लहान शेतांवर काय जमतं हे पाहायचं तर तमिळनाडूकडे बघा. धर्मपुरी आणि कृष्णगिरी जिल्ह्यांत २००४-०५पासून तिथल्या कृषी विद्यापीठानं ४०० हेक्टरांवर काटेकोर शेतीचा प्रकल्प राबवला. त्यात ठिबकमधून खत, चांगली रोपं, शेतकऱ्यांचे गट आणि बाजाराशी थेट व्यवहार होता. उपग्रहाचं काम त्यात अगदी थोडं. तो प्रकल्प मुळापासून अभ्यासा. प्रबंधाला विषय सापडेल.

ड्रोनचा मार्ग वाईट नाही, फक्त तो काय आहे हे समजून घ्या. ड्रोन नियम २०२१नुसार दोन ते २५ किलोपर्यंतचा ड्रोन ‘स्मॉल’ गटात येतो, बहुतेक फवारणीचे ड्रोन याच गटातले. वय १८ ते ६५, शिक्षण दहावी उत्तीर्ण आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची मान्यता असलेल्या संस्थेचं प्रशिक्षण एवढं लागतं. ते काही दिवसांत पूर्ण होतं आणि प्रमाणपत्र दहा वर्षं चालतं. मान्यता आहे का हे महासंचालनालयाच्या यादीत स्वतः पाहा, जाहिरातीवर जाऊ नका. कृषी पदवीधराला भाड्यानं अवजारं देणाऱ्या सेवा केंद्रासाठी ड्रोनच्या किमतीच्या ५० टक्के, कमाल पाच लाख रुपये, असं अनुदान ठरवलेलं आहे. अर्ज करण्यापूर्वी त्या वर्षीची स्थिती कृषी कार्यालयात विचारा.

पण उडवता येणं म्हणजे फवारणी येणं नव्हे. पाठीवरच्या पंपानं एकरी दोनशे लिटरच्या आसपास पाणी वापरतो, ड्रोन तेच औषध दहा लिटरांत नेतो. द्रावण कितीतरी तीव्र होतं. थेंबाचा आकार, उंची, वारा यात चूक झाली तर शेजाऱ्याचं पीक करपतं किंवा विहिरीवर औषध जातं. यवतमाळमध्ये २०१७ साली फवारणी करताना विषबाधेनं शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आपण विसरू शकत नाही. माणसाला विषाच्या धुक्यातून बाहेर काढणारं साधन म्हणून मला ड्रोन मनापासून हवा आहे, आणि म्हणूनच तो चालवणाऱ्याला कीटकनाशकांचं ज्ञान हवं. तुम्ही कृषी पदवीधर आहात, ते ज्ञान तुमच्याकडे आहे. पाणी लागताच रंग बदलणारे कागद पिकात वर, मध्ये आणि खाली लावून थेंब कुठवर पोचतात ते मोजायला शिका. बहुतेक पायलट हे करत नाहीत.

तुमच्या जागी मी असतो तर येत्या रब्बीत हरभऱ्यात गिरमिटाचा नकाशा पूर्ण केला असता, काढणीला प्रत्येक पट्ट्यात छोटे भूखंड कापून वजनं घेतली असती, आणि सोबत क्यूजीआयएस व आर शिकलो असतो. मग मृदाशास्त्र किंवा कृषी हवामानशास्त्रात एम.एस्सी.साठी भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची आणि राज्याची, दोन्ही प्रवेश परीक्षा दिल्या असत्या. ड्रोनचं प्रमाणपत्र एम.एस्सी.च्या पहिल्या उन्हाळ्यात घेता येतं. परदेशाचा विचार पीएच.डी.साठी ठेवा, तोपर्यंत तुमच्याकडे स्वतःच्या शेतातल्या दोन-तीन हंगामांची नोंद असेल आणि मार्गदर्शकाशी बोलायला ठोस प्रश्न असतील. गेट द्यायची असेल तर अर्ज साधारण ऑगस्टअखेरीस सुरू होतात आणि परीक्षा फेब्रुवारीत असते. गिरमिट विकत घ्यायची गरज नाही, जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा महाविद्यालयाच्या मृदाशास्त्र विभागात मागा. रब्बीची पेरणी होण्याआधी आठवडाभरासाठी देतील.